प्रमिलाअक्काने पेन्सिल पुसली त्याची गोष्ट

प्रमिलाअक्का गेली त्याला आता चार महिने झाले. रिटायर होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. शुगर होती, मग पायाला जखम झाली, मग धुळ्याच्या दवाखान्यात अकरा दिवस, आणि संपलं. माणसं भेटायला आली ती म्हणायची, बाई चांगल्या होत्या. चांगल्या होत्या म्हणजे काय होत्या, ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून हे लिहून ठेवलंय.

घरात ती सगळ्यांत मोठी, म्हणून भावंडांची अक्का. पुढे गावाची अक्का झाली आणि शाळेतल्या पोरांचीही अक्काच झाली. वडील साक्रीला सायकली दुरुस्त करायचे. अक्काने धुळ्याला डी.एड. केलं आणि अठ्ठ्याऐंशी साली तिला खडकवणच्या जिल्हा परिषद शाळेत नोकरी लागली. खडकवण म्हणजे पिंपळनेरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावरून आत चार किलोमीटर. शंभर-सव्वाशे घरं, कांदा, मका, एक मारुतीचं देऊळ, चौथीपर्यंतच्या शाळेच्या दोन खोल्या. नवरा भुसावळला रेल्वेत, महिन्यातून दोनदा यायचा. मूलबाळ झालं नाही. त्याचं तिने कोणासमोर कधी काढलं नाही आणि कोणी काढलं तर उठून चहा टाकायला जायची.

आता इंग्रजीचं. अक्काच्या वेळेला इंग्रजी पाचवीपासून असायचं. दहावीला तिला इंग्रजीत अडतीस मार्क पडले आणि घरात पेढे वाटले, कारण नापास होईल असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. तिला वाटलं, सुटले एकदाची. मग दोन हजार साली सरकारने काढलं की पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं. शिकवणार कोण? जे होते तेच. धुळ्याला दहा दिवसांचं ट्रेनिंग झालं. तिथे गाणी म्हणायला लावली, टाळ्या वाजवायला लावल्या, जेवण चांगलं होतं. परत आल्यावर पुस्तक उघडलं तर समोर इंग्रजीच.

तेव्हा तिने जे केलं ते तिकडच्या निम्म्या शाळांमध्ये होत होतं. बाजारातून गाइड आणलं. त्यात प्रत्येक इंग्रजी ओळीचा उच्चार मराठीत छापलेला असायचा. तो बघून तिने स्वतःच्या पुस्तकात, प्रत्येक ओळीच्या वर, बारीक पेन्सिलीने मराठी अक्षरात लिहून घेतलं. धिस इज अ काऊ. द काऊ गिव्हज अस मिल्क. मग ते पुस्तक पोरांना दिलं आणि पोरांनी आपापल्या पुस्तकात उतरवून घेतलं. दर जूनला पहिलं काम हेच. पेन्सिली टोकदार करायच्या आणि पुस्तक उतरवायचं.

पोरं घडाघडा वाचायची. बोट खालच्या ओळीवर आणि डोळे वरच्या. साहेब तपासणीला आले की खूश होऊन जायचे. पालक दारातून ऐकायचे, पोरगं इंग्रजी वाचतंय, दुसरं काय पाहिजे. असं पंधरा वर्षं चाललं. अक्का खोटं वागत होती असं नाही. तिला खरंच वाटायचं की वाचणं म्हणजे हेच.

पंधरा सालच्या श्रावणातली गोष्ट. गावात निंबा म्हणून एक शेतकरी. त्याने पिंपळनेरहून बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप आणला. सोबत एक घडी केलेला कागद आला, सगळा इंग्रजीत. निंबाची मुलगी मेघा तेव्हा दुसरीत, वर्गात पहिली, इंग्रजीचं अख्खं पुस्तक तोंडपाठ. निंबाने तिला ओट्यावर बसवली. समोर चिंधा टेलर मशीनवर बसलेला, तोही मान वर करून ऐकू लागला.

"वाच वं माय, कितला तास चार्ज करनं पडस ते सांग."

मेघाने कागद उलटा केला, सुलटा केला, उन्हाकडे धरून पाहिला.

"आबा, यावर काहीच लिखेल नही."

"हाई इतलं लिखेल शे ना!"

"हाई नही. याना वर काहीच नही."

निंबाला काही कळेना. चिंधाला बरोबर कळलं, त्याची दोन पोरं त्याच शाळेतून गेली होती. तो कात्री खाली ठेवून हसायला लागला. "निंबा, तुनी पोरनं इंग्रजी पेन्सिलनं शे. शिसपेन्सिल आण, मंग वाचस ती."

निंबा तसाच उठला आणि कागद घेऊन शाळेत गेला. मधली सुट्टी होती. अक्का आणि हितेंद्र सर डबा खात होते. शाळेला हे दोनच शिक्षक. हितेंद्र सर तिशीचा, नुकताच शिरपूरकडून बदलून आलेला.

"अक्का, पोरले नही येत. तुम्ही तरी वाचा."

अक्काने हात धुतले, चष्मा लावला. बॅटरी हा शब्द ओळखू आला. चार्ज ओळखू आला. मधले शब्द एकेक करून लावायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की आपली नजर सारखी ओळीच्या वर जातेय. वर कोरा कागद. निंबा उभा. पोरं खिडकीतून बघतायत.

"आठ तास लिहिलंय वाटतं," ती म्हणाली.

"वाटस का शे?"

अक्काने कागद परत दिला. हितेंद्र सरने डब्यात मान घातली. मग ती म्हणाली, "मला नीट येत नाही, निंबा."

असं कोणतीच मास्तरीण म्हणत नाही. निंबाला राग यायच्या ऐवजी कसंनुसंच झालं. कागदाची घडी करत तो एवढंच म्हणाला, "मंग पोरेस्ले काय शिकाडतस तुम्ही?" आणि गेला.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर अक्का घरी गेली नाही. हितेंद्र सरला म्हणाली, "तुला येतं का रे?"

"तुमच्यापेक्षा थोडं जास्त, अक्का. तेही देवाच्या भरवशावर." मग म्हणाला, "फोनवर आहे पण. अक्षराचा आवाज शिकवतात. अक्षराचं नाव नाही, आवाज. बी नाही म्हणायचं, ब म्हणायचं."

एकोणपन्नास वर्षांची बाई आणि तिशीचा पोरगा रोज चार ते पाच फोन समोर ठेवून बसायचे. फोनमधली बाई म्हणायची ब, हे म्हणायचे ब. ती म्हणायची स्स, हे म्हणायचे स्स. चिंधाचं दुकान शाळेसमोरच. तो येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, "शाळामा साप शिरना का रे? रोज चार वाजता फुसफुस ऐकू येस." अक्काच्या कानावर ते यायचं. ती म्हणायची, "असू दे. साप म्हणाला, डुक्कर नाही म्हणाला."

दिवाळीपर्यंत दोघांना एवढं कळलं की नवा शब्द समोर आला तर त्याचे तुकडे करून तो बोलता येतो. कधी चुकतो, पण जवळपास जातो. मग दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी अक्काने सगळ्या पोरांना पुस्तकं काढायला लावली. पिंपळनेरहून खोडरबरची दोन पाकिटं आणली होती. म्हणाली, वरचं सगळं पुसा.

पोरांना वाटलं गंमत आहे. मग पुसत गेले तसं कळलं. जूनपासून बसून उतरवलेलं, एकेक ओळ. मेघा तर रडायलाच लागली. "अक्का, मना धडा गया," म्हणाली. अक्काने तिच्यासमोर स्वतःचं पुस्तक धरलं, जुनं, कडा फाटलेलं, आणि तेही पुसायला घेतलं. कागद पातळ होता, दोन ठिकाणी भोक पडलं.

सोमवारपासून शाळेत कोणालाच इंग्रजी वाचता येईना. काल घडाघडा वाचणारी पोरं आज कॅट या शब्दाशी दहा मिनिटं बसायची. क, अ‍ॅ, ट. जानेवारीत साहेब आले. त्यांनी तिसरीच्या पोराला पुस्तक दिलं, पोरगं तीन ओळी वाचून घामाघूम झालं. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं की मागच्या वर्षाच्या मानाने वाचन खालावलं आहे. अक्काने सही केली. सांगायला गेली असती तर पंधरा वर्षांचं सगळं सांगावं लागलं असतं.

त्यात तिने दुसरं एक काढलं. रोजची एक ओळ. प्रत्येक पोराने रोज घरची एक खरी गोष्ट इंग्रजीत लिहून आणायची. पुस्तकातली नाही, घरची. आधी अहिराणीत सांगायचं, मग सगळ्यांनी मिळून त्याचं इंग्रजी करायचं, नसेल येत तो शब्द डिक्शनरीत बघायचा. डिक्शनरी एकच, इंग्रजी-मराठी आणि मराठी-इंग्रजी दोन्ही एकात, जाड, कपाटाच्या दाराला दोरीने बांधलेली, कारण ती एकदा हरवली होती आणि चिंधाच्या दुकानात मशीनच्या पायाखाली टेकू म्हणून सापडली होती. पोरं लिहायची, अवर गोट इज सिक. माय ब्रदर फेल इन द वेल बट ही इज ओके. चुका असायच्या ढीगभर. अक्का लाल पेनाने एका दिवशी एकच चूक दाखवायची. हितेंद्र सर म्हणाला, बाकीच्या राहिल्या की. ती म्हणाली, उद्या आहे ना.

एक दिवस निंबाची आई भिकुबाई शाळेच्या दारात उभी. काठी टेकलेली, पदर खोचलेला.

"काय वं अक्का, मनी तंबाखू तुले काय आडवी उनी?"

अक्काला कळेना. मग कळलं. मेघाने लिहिलं होतं, माय ग्रँडमदर ईट्स तंबाखू बिहाइंड द डोअर. आणि घरी जाऊन ते मोठ्याने वाचून, अर्थही सांगितला होता.

"इंग्रजीमा लिखाले बठ्ठं गाव सोडीसन मीच सापडनू का?"

"आजी, तिने खरं लिहिलं. मी खरं लिहायला सांगितलंय."

"मंग तुना नवरानं लिख ना, महिनामा दोनदाच येस ते!"

पोरं हसली, हितेंद्र सर बाहेर निघून गेला. अक्का म्हणाली, "लिहीन." आणि खरंच फळ्यावर लिहिलं, माय हजबंड कम्स ट्वाइस अ मन्थ. भिकुबाईला वाचता येत नव्हतं, मेघाने वाचून सांगितलं. म्हातारी जरा वेळ फळ्याकडे बघत राहिली आणि काठी उचलून घरी गेली. पुन्हा भांडायला आली नाही.

सोळा सालच्या जूनमध्ये खरी अडचण आली. पिंपळनेरला इंग्रजी मिडियमची शाळा होती, तिची पिवळी व्हॅन आता खडकवणच्या फाट्यापर्यंत यायला लागली. टाय, बूट, पाण्याची बाटली. गावातल्या पाच-सहा घरांनी निंबाकडे बघायचं ठरवलं. निंबा शहाणा माणूस धरला जायचा, तो पोर टाकील तर आपणही टाकू. शाळेत पोरं बावीस. त्यातली आठ-नऊ गेली की शाळा नाल्यापलीकडच्या गावच्या शाळेला जोडणार, असं वरून बोललं जातच होतं. तिथे पावसाळ्यात लहान पोरं जाऊ शकत नाहीत. जी राहतील ती घरी बसतील, त्यातही मुली आधी. हे अक्काला माहीत होतं, म्हणून ती स्वतः निंबाच्या घरी गेली.

निंबा म्हणाला, "अक्का, आवंदा मेघाले व्हॅनमा बसाडसू. पहिले घडाघडा वाचे, आते क क करस."

"एक वर्ष थांब."

"वरीसमा काय व्हई?"

"वर्षाने तू कुठलाही इंग्रजी कागद आण. मी न पाहिलेला, तिने न पाहिलेला. तिने वाचून अर्थ सांगितला तर राहू दे. नाही सांगितला तर मी स्वतः दाखला लिहून देते."

भिकुबाई दाराआडून म्हणाली, "राहू दे रे एक वरीस. व्हॅनवाला काय पळी चालना?" निंबाने हो म्हटलं. बाकीची घरंही थांबली.

ते वर्ष अक्काचं कसं गेलं ते तिने कोणाला सांगितलं नाही. धुळ्याला लग्नाला आली तरी पिशवीत वह्या असायच्या. जेवणाच्या पंगतीत बसून आइस्क्रीमच्या कपावरचं वाचायची, ओठ हलवत. भाऊ म्हणायचा, अक्का, लोक बघतात. ती म्हणायची, बघू देत, वाचणारं कोणी कधी पाहिलं नसेल.

सतराच्या जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आधी, अक्का आणि हितेंद्र सर वरांड्यात बसून नवीन पोरांची नावं लिहीत होते. निंबा आला. सोबत मेघा, आता चौथीत जाणार. आणखी तीन-चार माणसं उगाच आल्यासारखी येऊन कठड्याला टेकली. चिंधाही दुकान सोडून आला.

निंबाने खिशातून घडी काढली. "अक्का, तुम्ही सांगं व्हतं कागद आण. हाऊ त्या शाळाना फारम शे. इंग्रजीमा शे. तसंबी भरनाच पडी."

चिंधा म्हणाला, "ज्या शाळामातून पोर काढनी, त्याच शाळानी मास्तरीनकडथून फारम भराडस का रे?"

अक्काने फॉर्मला हात लावला नाही. मेघाला म्हणाली, "बस. वाच. आणि तूच भर."

मेघा मांडी घालून बसली. फॉर्म चार पानी. पहिली ओळ सोपी होती, नाव. जन्मतारीख. तिने बोट ठेवलं, बोटाच्या वर बघितलं नाही. बापाचं नाव, धंदा. धंद्याला तिने फार्मर लिहिलं. मग एका ओळीला अडकली. मदर वाचलं. टंग लावायला वेळ लागला. मग डोळे मोठे करून म्हणाली, "मायनी जीभ?"

कठड्यावरची माणसं हसली. निंबा हसला नाही. अक्काचा हात पेनाकडे गेला आणि मागे आला. मेघा उठली, कपाटाशी गेली, दोरीची डिक्शनरी मांडीवर घेऊन खाली बसली. पानं उलटत राहिली. 

"मातृभाषा," ती म्हणाली. आणि परत येऊन लिहायला लागली.

"मराठी लिख," निंबा म्हणाला.

"घरमा अहिराणी बोलतस ना आपण."

"अहिराणी लिखाले चालस का?"

"इचारेल शे ते खरं लिखनं पडस," मेघा म्हणाली. तिने अहिराणी लिहिलं.

असं करत तीन पानं झाली. पाऊण तास गेला. गार्डियन तिने गुआर्डीयन वाचलं, पण अर्थ बरोबर काढला. दोन जागी अक्षर खोडलं. चौथ्या पानावर वरून तिसरी ओळ होती. तिने ती एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. एक शब्द डिक्शनरीत पाहून आली. मग बापाकडे वळली.

"आबा, आधली शाळा कसाले सोडी, आसं इचारतस. काय लिखू?"

निंबा म्हणाला, "लिख की..." आणि थांबला.

मेघा पेन धरून बसलेली.  माणसं निंबाकडे बघत होती. काय लिहायचं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. वर्षभर सगळे तेच बोलत होते, की तिथे इंग्रजी येत नाही.

"ते राहू दे," निंबा म्हणाला.

"नही चालत. खाले लिखेल शे, बठ्ठ्या वळी भरना पडतीन."

"म्हनं ना राहू दे."

त्याने फॉर्म घेतला, घडी केली, खिशात टाकला.  दाखल्याचं बुक टेबलावरच होतं, अक्का बोलल्याप्रमाणे. निंबाने ते मागितलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. मुलीला घेऊन निघून गेला. हितेंद्र सर म्हणाला, "अक्का, झालं ना?" ती म्हणाली, "काय झालं? तो गेला." आणि नावं लिहायला बसली.

आठ दिवस काही कळलं नाही. गावातल्या दोन घरांनी वाट न बघता पोरं व्हॅनमध्ये टाकली. शाळा उघडायच्या दिवशी अक्का दारात उभी राहून मोजत होती. अठरा आली. एकोणिसावी मेघा, पाठीमागे निंबा.

तो दारापर्यंत आला, आत आला नाही. टोपी काढून हातात धरली.

"ती वळ माले भरता नही उनी, अक्का," तो म्हणाला. "तीन दिन पाही राहिंतू." मग जरा जोरात म्हणाला, "पण पाचवीले धाडसूच हां व्हॅनमा. आठे पाचवी नही ना."

"धाड," अक्का म्हणाली. "चौथी तर होऊ दे."

आणि पुढच्या वर्षी त्याने धाडलीच. दाखला अक्कानेच लिहिला. पण त्याच जूनमध्ये त्याचा धाकटा पहिलीला आला, आणि बाकीच्या घरांचंही तसंच ठरून गेलं, चौथीपर्यंत अक्काकडे, मग व्हॅन. अक्का रिटायर झाली तेव्हा पटावर एकवीस होते.